सदरचा उन्हाळा

उन्हाळा संपत आला की सोलापुरात फायली बाहेर पडतात. वर्षभर कपाटात, ट्रंकेत, गादीखाली दडपून ठेवलेल्या बटनाच्या प्लास्टिक फायली. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाचे फॉर्म सुरू झालेले असतात, आणि स्टँडपासून कचेरीपर्यंत जिकडे बघावं तिकडे आई, बाप आणि मधे एक पोर अशी माणसं चाललेली दिसतात. ऊन डोळ्यावर आलं की फाइल कपाळावर धरायची, रिक्षात बसलं की तिनंच वारा घ्यायचा. आणि खिडकीपाशी नंबर लागला की नेमका एक कागद तिच्यात नसतो. कुठला, ते आतला माणूस वर न बघता सांगतो. बाकीच्यांना हा मोसम आंब्याचा. मला तो त्या नसलेल्या कागदाचा वाटतो, आणि दर वर्षी तो आला की मी चिडचिडी होते. घरातले म्हणतात, ऊन बाधलं. म्हणोत बापडे.

यंदा त्यात एका पत्राची भर पडली. मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. पदवीला आता इंटर्नशिप लागते, त्यामुळे कॉलेजं दारोदार पोरं ठेवायला जागा शोधत असतात. पण हे पत्र आपणहून आलं होतं. एका सरकारी कचेरीच्या अभिलेखागाराला जुन्या नोंदींच्या कामासाठी विद्यार्थी हवे होते. प्राचार्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतः तिथंच इंटर्नशिप केली होती ना, मग यादी तुम्हीच करा. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. मी पत्र उलटं करून त्यावर चहाचा कप ठेवला.

एम. ए.ला होते तेव्हाची गोष्ट. माझं गाव श्रीपूर. वडील कारखान्यात वजनकाट्यावर होते, आणि घरातली पहिली पोरगी सोलापुरात शिकतीय म्हणून त्यांची मान जरा ताठच असायची. शुक्रवार पेठेत एका खोलीत मी आणि रेहाना राहायचो. रेहाना माझ्याच वर्गातली, अक्कलकोटची. पाण्याचा दिवस असला की पहाटे उठून भांडीकुंडी भरायची, शेंगाचटणी आणि कडक भाकरी डब्यात टाकायची आणि डोक्यावर ओढणी घेऊन कचेरीकडं निघायचं. सकाळी दहालाच डांबर चपलेला चिकटायचं. आमची तक्रार नव्हती. अभिलेखागारात काम करायला मिळणार, हेच मोठं होतं. कुठल्या तरी गठ्ठ्यात आजवर कुणीच न पाहिलेला कागद सापडेल, आणि मग कुणाच्या तरी जाड पुस्तकाच्या तळटिपेत माझं नाव येईल, असं मी चालता चालता ठरवून टाकलेलं असायचं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी आम्हाला दोन कॉम्प्युटर दाखवले. गावोगावची जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं होती, ज्यांना सगळे कोतवाल बुक म्हणतात. कोतवालानं गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचं आणि तलाठ्यानं लिहून घ्यायचं. स्वातंत्र्याच्या आधीची रजिस्टरं तर सोन्याच्या मोलाची, कारण जात पडताळणीला जुना पुरावा लागतो आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाची नोंद असली तर फक्त इथंच. ती सगळी आम्ही कॉम्प्युटरवर चढवायची. नाव, बापाचं नाव, जात, गाव. रजिस्टरात सगळ्यात आधी अनुक्रमांकाचा रकाना होता, पण साहेब म्हणाले तो सोडा, वेळ खातो. रोजचं टार्गेट ठरलेलं होतं. वरून विचारणा होती. साहेबांच्या तोंडी 'वरून' हा शब्द इतक्या वेळा यायचा की आम्ही चुकून छताकडं बघायचो.

खोलीत खरा जाणकार एकच माणूस होता, गेनबामामा. दफ्तरी. गठ्ठे काढायचे, सोडायचे, परत बांधायचे, एवढंच त्याचं काम, आणि त्यातच त्याची सगळी नोकरी गेलेली. मोडी वाचायचा. कुठल्या गावाचं रजिस्टर कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगायचा. त्या महिनाअखेरीला तो रिटायर होणार होता. त्याचा नियम एकच होता. गठ्ठा सोडलेला असला की पंखा लावायचा नाही. बाळंतिणीची खोली असावी तशी तो दारं लोटून घ्यायचा. "कागदाला वारं बाधतं," म्हणायचा. स्वतः गळ्यात ओला पंचा टाकून बसायचा. आम्ही मात्र घामानं निथळायचो आणि मामाच्या मागं त्याची नक्कल करायचो. कुणी शिंकलं की रेहाना गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, कागदाला सर्दी होईल.

आता 'सदर' या शब्दाबद्दल. जुना लिहिणारा शहाणा होता, हात दुखवून घ्यायचा नाही. एकाची जात पूर्ण लिहायची, आणि पुढच्या ओळीतला माणूस त्याच जातीचा असला की नुसतं लिहायचं 'सदर'. म्हणजे वरीलप्रमाणे. त्याच्या खाली परत सदर, परत सदर, जात बदलेपर्यंत. आम्हाला ते कळत नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी मी सदरच्या जागी खरी जात टाइप केली होती. साहेबांनी मागून पाहिलं आणि कडाडले, की मूळ नोंदीत बदल करता, हा गुन्हा आहे, माहीत आहे का? जसं आहे तसं उतरवा, अक्कल चालवू नका. मग आम्ही अक्कल बाजूला ठेवली. मूळ साधनाशी इमान राखावं, असं वर्गातही शिकवलेलंच होतं. मी शंभर टक्के इमानानं सदर, सदर, सदर टाइप करत गेले.

आणि दर शनिवारी साहेब ती यादी मुळाक्षरांप्रमाणे लावायचे. एका बटनात. शोधायला सोपी जावी म्हणून. त्या एका बटनात प्रत्येक सदरचा वरचा माणूस उठून दुसरीकडं जाऊन बसायचा. गावंच्या गावं सदर होत होती आणि आम्ही शेंगाचटणी खात होतो.

एक दिवस अगदी लख्ख आठवतो. एका जीर्ण रजिस्टराचं पान होतं. पहिली ओळ दगडू, दुसरी धोंडू. पोर जगावं म्हणून पूर्वी अशी नावं ठेवायचे, हे इतिहासाच्या पोरींना ठाऊक असायला हवं होतं. पण आम्हाला हसू आवरेना. रेहाना म्हणाली, पूरा पहाड आ गया गे. मी दगडूची ओळ टाइप केली, जातीसकट. धोंडूची केली, सदर. दुपारचे दोन वाजले होते, मामा जेवायला बाहेर गेला होता, कीबोर्डावर घामाचे थेंब पडत होते. मी उठले आणि पंख्याचं बटन दाबलं.

तो पंखा बहुधा कित्येक वर्षांनी फिरला असावा. आधी वरून धूळ आली, मग वारा. पानाची वरची कड पापुद्र्यासारखी सुटली आणि उडाली. मी दोन्ही हात पानावर टाकले, तर त्यानं आणखी थोडं मोडलं. दगडू-धोंडूवरून चाललेलं आमचं हसणं आणि पंख्याचा आवाज ऐकून मामा आला होता. त्यानं पंखा बंद केला. रॅकखाली वाकून तुकडे गोळा केले, जुन्या पाकिटात भरले आणि पाकीट खणात टाकलं. तसली पाकिटं त्याच्या खणात पुष्कळ होती. कुठल्या पानाचा कुठला तुकडा ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण त्याच्यानं टाकवत नसे.

आमचे शेवटचे काही दिवस उरले होते तेव्हा शोभाताई आल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. बरोबर मुलगी होती, प्रज्ञा, दोन वेण्या, हातात निळी फाइल. तिचं नाव सरकारी नर्सिंग कॉलेजला लागलं होतं. राखीव जागा होती आणि जातवैधतेचा दाखला ठरल्या मुदतीत हवा होता, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. शोभाताईंनी पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. आमच्याच कॉम्प्युटरातून निघालेला उतारा. त्यांच्या सासऱ्याचा. नाव, धोंडू. जात, सदर.

त्या म्हणाल्या, "समितीतलं साहेब म्हणत्यात, सदर नावाची जात यादीत न्हाय."

मला आधी हसूच आलं. दुसरा पुरावा नाही का, मी विचारलं. नव्हता. सासरा शाळेत गेला नव्हता, शेत नव्हतं, नावावर काही नव्हतं. हा एवढा जन्म कुणी तरी लिहून ठेवला होता, तेवढाच. शोभाताई शांतपणे बोलत होत्या, पण हाताची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट होती.

"धम्म घेतला तवा मामंजींनी ती जात टाकून दिली, मॅडम. आता पोरीपायी तीच हुडकत फिरतुया आमी." मग त्यांनी विचारलं, "कुणी लिवलंय ह्ये?"

"कॉम्प्युटरमध्ये तसंच आलंय, ताई," मी म्हणाले.

हे वाक्य मी आजवर कितीदा परत ऐकलंय त्याची गणती नाही. शोभाताईंनी मान डोलावली आणि कॉम्प्युटरकडं पाहिलं, तोही कुणी साहेब असावा असं. प्रज्ञा मात्र माझ्या बोटांकडं बघत होती. मी हात मांडीवर घेतले.

आमच्या घरात असला कागद कुणी कधी शोधला नव्हता. माझे दाखले वडिलांनी तलाठ्याला फोन केला की घरी यायचे. मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. एम. ए. पर्यंत शिकून हे वाटत होतं, याची आता लाज वाटते.

मूळ रजिस्टर शोधायला गेनबामामाला दोन दिवस लागले, कारण आमचं काम झालेले गठ्ठे साहेबांनी भलत्याच खोलीत रचायला लावले होते. रजिस्टर निघालं, पानही निघालं. पान सुरू होत होतं धोंडूपासून. त्याच्या वर काही नव्हतं, नुसती करवतल्यासारखी कड. धोंडू, आणि त्याच्यापुढं स्वच्छ, वळणदार अक्षरात, सदर.

शोभाताई आणि प्रज्ञा परत आल्या तेव्हा मामानं खणातली सगळी पाकिटं टेबलावर ओतली. आम्ही चौघी आणि तो, त्या पिवळ्या भुशात शोधत बसलो. कुणी मोठ्यानं श्वास घेत नव्हतं. एका तुकड्यावर एक काना होता, एकावर अर्धा आकडा. प्रज्ञा एकेक तुकडा बोटाच्या टोकावर उचलायची, उजेडात धरायची आणि होता तिथंच ठेवायची. दगडू सापडला नाही.

त्या दोघी गेल्यावर मामानं मला बाजूला घेतलं. "वर दगडू हुता, ह्ये तुला ठावं हाय. तूच हसली हुतीस की. तसं लिवून दे, पोरी."

तो बरोबर बोलत होता. दगडूच्या नावापुढं पूर्ण जात होती आणि ती मीच टाइप केली होती. पण आता यादीत दगडू आणि धोंडू यांच्यामधे गावातले दत्तू, दादू, दामू, देवबा येऊन बसले होते, आणि ओळींचा मूळ क्रम सांगणारे अनुक्रमांक आम्ही उतरवलेच नव्हते. धोंडूच्या वर दगडू होता हे रेहानाला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. माझ्या एका सहीच्या कागदानं तो सदर परत आपल्या जागी गेला असता. समितीनं मानलं असतं का? नसतंही. पण सांगायला तेवढं तरी होतं.

मी साहेबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. काम पूर्ण आणि बिनचूक झाल्याचा अहवाल वर गेलाय, म्हणाले. आता तुम्ही लिहून दिलंत तर चौकशी लागेल. पंखा कुणी लावला, पान कसं फाटलं, दफ्तरी कुठं होता. गेनबा महिनाअखेर सुटतोय, त्याचं पेन्शन अडकेल. आणि तुमचं सर्टिफिकेटही मला थांबवावं लागेल. बघा तुम्हीच, सुशिक्षित आहात.

सुशिक्षित होते, म्हणून गप्प बसले. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की गेनबामामाच्या पेन्शनसाठी गप्प बसले. ते खोटं आहे. मामा स्वतःच लिहून दे म्हणत होता. शेवटच्या दिवशी त्यानं आम्हाला पेढे दिले, माझ्या हातावर पेढा ठेवताना माझ्याकडं पाहिलं नाही. सर्टिफिकेट मात्र मला वेळेवर मिळालं. पहिल्या ओळीत माझं नाव, आणि खाली, सदर विद्यार्थिनीने सदर कालावधीत सदर कार्यालयात समाधानकारक काम केले. सदर विद्यार्थिनीचे वर्तन चांगले होते. वडिलांनी ते फ्रेम करून श्रीपूरच्या घरात दारासमोरच लावलं. आलेल्यागेलेल्याला वाचून दाखवायचे. दिवाळीला घरी गेले की मी त्या भिंतीकडं पाठ करून बसायचे.

तर यंदा यादी करायची होती. वर्गात मी पोरांना दोन गोष्टी सांगितल्या. जुना कागद उघडा असला की पंखा लावायचा नाही. आणि सदर दिसलं की वरचं नाव शोधून पूर्ण लिहायचं, साहेब रागावले तरी. माझा आवाज चढला असावा, कारण खिडकीबाहेर बघणारी पोरंही माझ्याकडं बघायला लागली. मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, मॅडम, हे परीक्षेला आहे का? मी म्हणाले नाही. त्यानं वही मिटली.

कॉलेजचा प्रिंटर नेहमीप्रमाणे बंद होता, म्हणून यादी टाइप करून घ्यायला कचेरीजवळच्या एका ऑनलाइन केंद्रात गेले. दाखले, फॉर्म, पडताळणीचे अर्ज, सगळं तिथं होतं. बाहेर फायलीवाल्यांची रांग. आत कॉम्प्युटरवर एक बाई बसली होती आणि रांगेतल्या माणसाला कुठला कागद कुठं मिळेल ते नीट, वर बघून सांगत होती. वेण्या गेल्या होत्या. पण समोरच्याच्या बोटांकडं बघायची सवय तीच होती.

तिनंच आधी ओळखलं. "तुम्ही त्या रेकॉर्डरूमला होता की, मॅडम," म्हणाली. मी हो म्हणाले. आई कशी आहे विचारलं. बरी हाय, अजून खिचडीच शिजवती. मग मी न विचारता तिनं सांगितलं, की दाखला पुढं मिळाला, चुलत आत्याच्या शाळेच्या एका जुन्या नोंदीवर. तोवर दोन उन्हाळे गेले होते. नर्सिंगची जागा तर पहिल्याच उन्हाळ्यात गेली. मग घरात हे केंद्र काढायचं ठरलं. कुठल्या कागदाला काय लागतं ते आमच्याइतकं कुणाला माहीत होतं, ती म्हणाली, आणि जरा हसली. मला हसता आलं नाही.

मी यादी सांगायला लागले. पहिल्या मुलीचं नाव, वर्ग, कॉलेजचं लांबलचक नाव, तालुका, जिल्हा. तिनं लिहिलं. दुसरं नाव सांगितलं आणि बाहेरच्या रांगेकडं बघून घाईघाईत म्हणाले, "बाकीचं खाली सगळ्यांना सदर टाक."

माझ्या तोंडून गेलं. सकाळी वर्गात घसा कोरडा करून आलेली मी, तीच.

प्रज्ञाचे हात थांबले. "न्हाय मॅडम. मी सदर टाकत नाही," ती म्हणाली. "वरचं फाटलं तर खालच्यानं काय करायचं?"

वर पंखा गरगरत होता. तिच्या टेबलावरच्या प्रत्येक कागदावर काही ना काही वजन ठेवलेलं होतं, खडू, कुलूप, पाण्याची बाटली.

"ते सदर मी टाइप केलं होतं," मी म्हणाले. "पंखाही मीच लावला होता. वर कुणाचं नाव होतं ते मला माहीत होतं. दगडू. तेव्हा लिहून दिलं नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होते, काहीही बोलावं, ओरडावं, निदान का असं तरी विचारावं. बाहेरच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, ताई, लई येळ लागंल का? तिनं मान परत पडद्याकडं वळवली.

"पुढचं नाव सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिनं ते लिहिलं, आणि त्याच्यापुढं वर्ग, कॉलेज, तालुका, जिल्हा, सगळं पहिल्या अक्षरापासून परत लिहायला घेतलं.